आधी जमीन, मग भिंती

गिनीपिग आणायचे ठरलेच आहेत तर पोरी, आधी हे ऐक. दुकानात तुला एक रंगीत पिंजरा दाखवतील. वर कडी, खाली सरकता ट्रे, मध्ये प्लॅस्टिकचा जिना. तो घेऊ नकोस. तो पक्ष्याच्या हिशेबाने बनवलेला असतो आणि गिनीपिगच्या नावाने विकला जातो. पक्ष्याला उंची लागते. गिनीपिग जन्मभर जमिनीवर चालतो. त्याला धड चढता येत नाही, उड्यांची हौस नसते आणि उंचावरून पडला तर पाय मोडून घेतो. म्हणून त्याच्या घरात आधी जमीन बघायची: किती आहे, कशी आहे, कोरडी राहते का. भिंती, दार, सजावट हे सगळं नंतरचं. माझी नोकरी प्राणिगृहातली. देखण्या पिंजऱ्यात खंगलेली जनावरं मी पाहिली आहेत आणि गबाळ्या खोक्यात गुबगुबीत झालेलीही.

दोघांसाठी साडेचार फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा धर. सव्वाअकरा चौरस फूट होतात. मोठं जमलं तर सोन्याहून पिवळं, लहान मात्र करू नकोस. आणि दोघांसाठी म्हणतोय ते मुद्दाम. एकटा गिनीपिग ठेवू नये. यांचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं, अँडीजच्या डोंगरातलं, आणि जात कळपाने राहणारी. पेरू देशात खेड्यापाड्यांत आजही घोळक्यानेच पाळतात. खायला पाळतात, पण ते तुझ्या लेकीला आत्ताच सांगू नकोस. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या प्राणिरक्षणाच्या नियमांत एकटा गिनीपिग ठेवायला मनाईच केली. माणूस कितीही लाडाने मांडीवर घेऊन बसला तरी तो गिनीपिग होत नाही.

एवढी जागा कुठून आणायची, दोन मजले करू, असं जावईबापू म्हणतील. ठाण्यात राहतात, एफएसआय डोक्यात बसलेला असतो. त्यांना सांग, वरचा मजला हिशेबात धरायचा नाही. सव्वाअकरा फूट तळमजल्यावर सलग हवेत, कारण या जनावराला पळायला सरळ रेषा लागते. जिना चढायला निम्मे गिनीपिग तयारच होत नाहीत. हौस असेल तर नंतर वर माळा काढा, पण उतार अगदी निवांत ठेवा आणि दोन्ही बाजूंना कठडा.

आता सामान. निवडणुकीत विजेच्या खांबांवर टांगतात ते पोकळ नळ्यांचे प्लॅस्टिकचे बोर्ड असतात ना, तीच शीट. जाहिरातीचे बोर्ड करणारे तिला सनपॅक म्हणतात. आठ बाय चारची एक शीट माग, पाच मिलिमीटर जाडीची. तीन मिलिमीटरची स्वस्त पडते, पण कडेला लवकर लचकते. तिच्यातून साडेपाच फूट बाय साडेतीन फुटांचा तुकडा कापायचा. चारही कडांपासून सहा इंच आत पेन्सिलीने रेषा मार. या रेषांवर दुमडलं की सहा इंच काठाचं ताट तयार होतं आणि मध्ये बरोबर साडेचार बाय अडीच उरतं.

दुमडण्यात एक खुबी आहे. कटरची रेघ ताटाच्या बाहेरच्या अंगाला मारायची, आतल्या नाही. वरचा पापुद्रा तेवढा कापायचा, खालचा शाबूत ठेवायचा आणि चिरेपासून उलट बाजूला वाकवायचं. म्हणजे आतला पृष्ठभाग अखंड राहतो. आतून चिरलंस तर लघवी त्या नळ्यांत शिरेल आणि मग जन्मभर धुतलंस तरी तो वास जायचा नाही. चारही कोपऱ्यांत सहा इंचांची एकच चीर दे, कोपरा कापून टाकू नकोस. ती जीभ शेजारच्या काठावर बाहेरून चढव आणि चिकटपट्टी बाहेरूनच मार. आत लावलेली पट्टी ते कुरतडून गिळतात.

भिंतींना हार्डवेअरच्या दुकानातली वेल्डमेश घे. झिंक चढवलेली, चौकोन एक इंचाचा. दीड इंचाचा मोठ्या जनावराला चालतो, पण यांची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांची जन्मतात आणि काही तासांत हिंडायला लागतात. डोकं अडकलं की संपलं. तीन फूट रुंदीच्या गुंडाळीतून सात फूट जाळी घेऊन ती मधोमध लांबीत कापलीस की दीड फूट उंचीच्या दोन पट्ट्या निघतात. दोन्ही मिळून चौदा फूट, आणि तुझ्या ताटाचा घेरही चौदाच. कापताना थोडं वाया जातं, म्हणून आठ फूट माग. तारेची तुटकी टोकं कानशीने घास. वरच्या कडेवर बागेतल्या पाण्याची जुनी नळी उभी चिरून बसव, नाहीतर रोज वाकताना तुझेच हात सोलवटतील. जोडायला केबल टाय घे, त्यांची शेपटं बाहेर ठेव आणि कापून टाक. नवी जाळी वापरण्याआधी व्हिनेगरच्या पाण्याने घासून धू, वरचा पांढरट थर निघून जाऊ दे.

समोरची लांब बाजू मात्र पक्की बांधू नकोस. तिचा अर्धा भाग खाली पडणारा ठेव आणि वर दोन कड्या लाव. वरून हात घातला की गिनीपिग घाबरतो, घार झडप घालतेय असंच त्याला वाटतं. समोरून हात आला की पंधरा दिवसांत सरावतो. शिवाय साफसफाई तुलाच करायची आहे. लेक पहिला महिना करेल, पुढचं मी काही बोलत नाही.

लाकडाची पेटी करावी असं मनात असेल तर तिला सनमायका लावल्याशिवाय जनावर ठेवू नकोस. कोरं लाकूड लघवी पिऊन बसतं. काचेची मत्स्यपेटी तर नकोच नको. तिच्यात हवा खेळत नाही आणि तळाशी अमोनिया साठत जातो. कोंबड्यांचं डालगं अंगणात तासभर उन्हं खायला ठीक, मुक्कामाला नाही.

पिंजरा जमिनीवर न ठेवता दोन फुटांच्या भक्कम टेबलावर किंवा लोखंडी स्टँडवर ठेव. तुझी कंबर वाचेल, घूस दूर राहील, आणि ते माणसांच्या नजरेच्या जवळ येतील. चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यास की मुंग्या चढत नाहीत. गॅलरीत ठेवणार असशील तर वर झाकण लागेलच. शेजारणीचं मांजर आणि कावळे यांच्यावर विश्वास टाकायचा नाही. मी म्हणेन, गॅलरी टाळच. यांना अठरा ते चोवीस अंश सेल्सिअस मानवतं. तिशीच्या वर पारा गेला की धोका सुरू होतो, आणि घाम त्यांना येत नाही. उन्हाळ्यात एक मडकं आडवं ठेव, त्यात जाऊन पडतात. फरशीचा एक सुटा तुकडा ठेव. गोठवलेली पाण्याची बाटली जुन्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेव, म्हणजे ज्याला हवी तो टेकेल. पंख्याचा थेट झोत मात्र अंगावर नको. दिवाळीत फटाके सुरू झाले की पिंजरा आतल्या खोलीत हलव.

आता अंथरूण. यातच सगळे चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

आम्ही कामाला लागलो तेव्हा जाळीच्या तळाचे पिंजरे पुष्कळ ठिकाणी असत. लेंड्या खाली पडतात, झाडायला सोपं, असा त्यामागचा विचार. सोपं कोणाला? झाडणाऱ्याला. गिनीपिगच्या तळपायाला केस नसतात, कातडी उघडी असते. तार रुतत राहिली की ती लाल होते, मग सुजते, मग जखम होऊन आत हाडापर्यंत पू जातो. ओल्या आणि कडक जमिनीवरही तेच होतं, आणि लठ्ठ जनावराला आधी होतं. म्हणून दर आठवड्याला दोघांना उलटं करून तळपाय बघत जा. चारही पाय गुलाबी आणि मऊ असले की अंथरूण बरोबर आहे. त्यावर दुसरा दाखला नको.

इथे एक जोड द्यायला हवी. पाय आखडलेत, सांधे सुजलेत, जनावर चालायला कुरकुरतंय, म्हणजे दर वेळी अंथरुणाचाच दोष असं नाही. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. नॉर्वेत अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिश यांनी १९०७ मध्ये गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना खलाशांचा स्कर्व्ही झाला. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तिथून निघाली. तेव्हा रोज सिमला मिरचीची फोड, थोडी कोथिंबीर आणि मधूनमधून पेरूचा लहानसा काप देत जा. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, पण साखरही असते, म्हणून लहानसा.

सुताराकडून भुसा आणावा असं सगळ्यांना सुचतं. फुकट मिळतो ना! पण आपल्याकडचा सुतार आता लाकडावर कमी आणि प्लायवुड, एमडीएफवर जास्त काम करतो. त्या भुशात डिंक आणि रसायनं असतात. शिवाय करवतीचा भुसा पिठासारखा बारीक असतो. तो नाकाडोळ्यांत जातो, नरांच्या नाजूक जागी चिकटतो. भुसा नको. हवी ती रंध्यातून निघणारी कुरळी साल, आणि तीही सुट्या, कोऱ्या, रंग-पॉलिश न लागलेल्या लाकडाची. देवदाराची अजिबात नको. तो वास आपल्याला देवघरासारखा वाटतो, पण त्या सुगंधातली द्रव्यं यांची फुप्फुसं आणि यकृत बिघडवतात. ओल्या, चिकाळ पाइनचंही तेच. भट्टीत वाळवलेल्या पाइनची साल चालते. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड असेल तर शिक्का बघ. एमबी असं लिहिलेलं असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते हातातही धरू नकोस. एचटी म्हणजे नुसतं तापवलेलं.

पारख अशी करायची. मूठभर साल नाकाशी धर. झणझणीत वास आला तर परत कर. मग ती गव्हाच्या चाळणीत घालून काळ्या कापडावर हलव. कापड पांढरं झालं तर धूळ जास्त आहे. पास झालेली साल दोन दिवस कडक उन्हात पसर आणि मग गोणीत भर. ताटात दोन ते तीन इंचांचा थर दे. अर्ध्या इंचाचा थर म्हणजे पैसे वाचवल्याचं समाधान आणि तिसऱ्या दिवशी घाण.

भाताचं तूस कोणी फुकट देईल. कोंबड्यांच्या शेडमध्ये ते छान चालतं, पण इथे ते टोचतं आणि धुळीचं असतं. मक्याच्या कणसांचा चुरा ओलाव्याने बुरसतो. मांजरांची माती, गुठळी होणारी, ही तर जीवघेणी. पोटात गेली की आतच फुगते. भाताचा पेंढा मऊ दिसतो खरा, पण ओल शोषत नाही आणि काड्यांची टोकं डोळ्यांत जातात.

वर्तमानपत्राची रद्दी तळाला चालते, एकटी नाही. कागद ओला होतो आणि तसाच ओला राहतो. आठ-दहा पानांची घडी, वर गवताचा जाड थर, आणि रोज बदल. एवढं करणार असशील तर गरिबाघरचं उत्तम अंथरूण आहे. चकचकीत पुरवण्या त्यात घालू नकोस, त्या पाणी शोषतच नाहीत.

तुझ्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईला मी फ्लीसचं कापड सुचवेन. थंडीत मिळतात ती पातळ, मऊ ब्लँकेटं, तेच कापड. त्याचा गुण असा की ते स्वतः ओल धरत नाही, खाली सोडून देतं. पण नवं कापड हे काम करत नाही, कारण कारखान्यातून येताना त्याला चिकणा थर असतो. गरम पाण्यात साबणाने चार-पाचदा धू. कपडे मऊ करायचं द्रावण टाकू नकोस, त्याने सगळं मुसळ केरात. मग कापडावर चमचाभर पाणी ओत. थेंब वरच मोत्यासारखे बसून राहिले तर आणखी धुवायला हवं. झटकन खाली उतरले तर तयार.

फ्लीसखाली काहीतरी पाणी पिणारं हवं. जुने टॉवेल दुहेरी घालून घाल, किंवा आईची एखादी फाटकी गोधडी. सुती गोधडीइतकं पाणी पिणारं दुसरं काही नाही. मात्र ती खालीच राहू दे. वर आली तर तिच्या सुटलेल्या दोऱ्यांत यांची बोटं गुंततात आणि करकचून बोट काळं पडतं. म्हणूनच कोणतंही विणलेलं, धागे सुटणारं कापड वर नको. फ्लीसच्या कडा ताटाच्या काठावरून बाहेर काढून कपड्यांच्या चिमट्यांनी पकड, नाहीतर पहिल्याच रात्री दोघं कापडाखाली घुसून बसलेले दिसतील.

फ्लीसचा एकच वांधा, आपला पावसाळा. जुलैत तुझ्या गॅलरीत कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. दमट फ्लीस घालण्यापेक्षा न घातलेलं बरं. बुरशी येते, जनावराला गजकर्णासारखे चट्टे उठतात आणि ते माणसांनाही होतात. तेव्हा चार जोड शिवून ठेव, आणि ओले आठवडे आले की सरळ लाकडाच्या सालीवर ये. हट्ट करायचा नाही. आठ महिने कापड, चार महिने साल, ही कोकणपट्टीतली रीत समज. पुण्याच्या वर, कोरड्या भागात राहणाऱ्याने बाराही महिने कापड वापरावं.

आता एक युक्ती सांगतो, तिने निम्मं काम वाचेल. गिनीपिग जिथे खातो तिथेच हगतो-मुततो. त्याला वळण लावायच्या फंदात न पडता त्याच्या सवयीचा फायदा घ्यायचा. पिंजऱ्याच्या एका टोकाला दीड फुटाचा स्वयंपाकघराचा भाग कर. उरलेल्या सनपॅकचं काठ असलेलं उथळ ताट तिथे ठेव, त्यात लाकडाची साल भर, आणि गवताची पेंढी व पाण्याची बाटली त्याच ताटावर टांग. बाकी सगळीकडे कापड. घाणीतली मोठी रास त्या ताटात जमते, तेवढं ताट रोज उचलून ओतायचं. कापड मग आठवडाभर टिकतं.

गवत चोवीस तास समोर हवं. यांचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. वाळलेली हरळी, मारवेल, पवना यांतलं जे स्वच्छ, हिरवट, सुवासिक मिळेल ते घे. काळपट, कुबट वासाचं असेल तर फेक. ज्वारीचा कडबा यांच्यासाठी जाड पडतो आणि कोवळी ज्वारी तर गुरांनाही विषारी. लसूणघासावर जनावरं तुटून पडतात, पण त्यात चुना फार. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला द्यावा, मोठ्यांना चवीपुरता.

चुन्यावरून आठवलं. लघवी वाळली की पांढरी पूड राहते, ती यांच्या बाबतीत नेहमीचीच. साध्या साबणाने ती निघत नाही. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून ओत, दहा मिनिटं थांब, पुसून घे. फिनाईल आणि डांबरगोळ्या पिंजऱ्याच्या आसपासही नकोत. पूड वाळूसारखी खरखरीत लागली किंवा लघवीत तांबूस रंग दिसला तर डॉक्टर गाठ. आणि डॉक्टर कुत्र्या-मांजरांचाच असेल तर अॅमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका, असं तूच आठवण कर. पेनिसिलिनच्या जातीची औषधं गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात, आणि जनावरही दगावतं.

घाण कळायची कशी? उभ्याने वास घेऊ नकोस. गुडघ्यावर बस, ताटाच्या काठावर हनुवटी टेकव आणि श्वास घे. तुझ्या डोळ्यांत चुरचुरलं तर ते दिवसभर तसंच भोगतायत. नाक ताटाशी नेल्याशिवाय आजची सफाई टळली असं कधी ठरवायचं नाही.

लपायला दोघांना दोन खोकी दे आणि प्रत्येकाला दोन दारं काप. एकाच दाराचं खोकं असलं की दांडगा दारात बसतो आणि दुसरा आत अडकतो. पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी रोज सकाळी बोटाने हलवून बघ. ती अडकते, बाटली भरलेली दिसते आणि जनावर तहानलेलं राहतं.

आता शेवटचं. शनिवारी पिंजरा बांधा, अंथरूण घाला आणि दोन-तीन दिवस तसाच रिकामा राहू द्या. काठ गळतो का, दार अडतं का, दुपारचं ऊन कुठे येतं हे तोवर कळेल. मगच दुकानात जा. दोन माद्या आणा. दुकानदार नर-मादी ओळखण्यात सर्रास चुकतात, तेव्हा आठवड्याच्या आत डॉक्टरांकडून तपासून घ्या. नर तीन आठवड्यांचा आणि मादी महिन्याची झाली की पिल्लं होऊ शकतात, आणि मग सव्वाअकरा फूट पुरणार नाहीत. लेक कितीही रडली तरी पिंजऱ्याआधी जनावर घरात आणू नकोस.